न झालेल्या मृत्यूंचा हिशेब : श्वसनसंसर्ग, लसीकरण आणि आरोग्याचे अर्थशास्त्र

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



१ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी २०२१-२२ या वर्षाचा अर्थसंकल्प लोकसभेत मांडताना न्यूमोकोकल लसीसंबंधी एक घोषणा केली. भारतात निर्माण झालेली ही लस तोपर्यंत केवळ पाच राज्यांपुरती मर्यादित होती. ती संपूर्ण देशात दिली जाईल आणि त्यामुळे दरवर्षी ५० हजारांहून अधिक बालमृत्यू टळतील, असे त्या घोषणेत नमूद केले होते. परीक्षेच्या तयारीसाठी एवढी नोंद पुरेशी वाटण्याचा संभव आहे. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहतो. झालेला मृत्यू नोंदवहीत सापडतो. टळलेला मृत्यू मात्र कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. ज्या बालकाला न्यूमोनिया झालाच नाही, त्याच्या आईवडिलांनाही आपण कशातून वाचलो हे कळत नाही. मग न झालेल्या मृत्यूंचा आकडा येतो कोठून? आणि त्या आकड्यावर विसंबून सार्वजनिक पैसा खर्च करणे कितपत योग्य आहे?

श्वसनमार्गाच्या संसर्गांवरील लसींच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार करणे हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे. त्यातून एक मुद्दा पुढे येईल. लसीकरणाचे सामाजिक मूल्य एकूण किती बालकांना लस मिळाली यावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते कोणत्या बालकांना मिळाली यावर अवलंबून असते.

आजाराचे ओझे मोजण्यातील अडचण

न्यूमोनिया म्हणजे फुफ्फुसांतील वायुकोशांचा दाह. त्याला अनेक जीवाणू आणि विषाणू कारणीभूत ठरतात. लहान मुलांच्या तीव्र न्यूमोनियात न्यूमोकोकस आणि हिब हे दोन जीवाणू विशेष घातक मानले जातात. तथापि, एखाद्या बालकाचा न्यूमोनिया नेमक्या कोणत्या जीवाणूमुळे झाला हे सिद्ध करणे कठीण असते. फुफ्फुसातील नमुना घेणे सहसा शक्य नसते, रक्ताच्या तपासणीत जीवाणू क्वचितच सापडतो आणि रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी प्रतिजैविक दिले गेले असेल तर तोही पुरावा नाहीसा होतो. त्यामुळे प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या रुग्णांची संख्या ही प्रत्यक्ष आजाराचा एक लहानसा अंश असते.

यावर संशोधकांनी एक मार्ग शोधला. लस दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत न्यूमोनियाच्या प्रमाणात जो फरक पडतो, तो त्या जीवाणूच्या वाट्याचा अंदाज देतो. अशा प्रकारे लस ही प्रतिबंधाबरोबरच मापनाचेही साधन ठरते. पश्चिम आफ्रिकेतील गाम्बिया या देशात न्यूमोकोकसच्या नऊ उपप्रकारांविरुद्धच्या लसीची चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. लस मिळालेल्या मुलांत क्ष-किरण तपासणीत दिसणाऱ्या न्यूमोनियाचे प्रमाण ३७ टक्क्यांनी, तर सर्व कारणांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १६ टक्क्यांनी कमी आढळले. एकाच लसीने एकूण बालमृत्यूंत एवढी घट होणे ही गोष्ट धोरणकर्त्यांचे लक्ष वेधणारी होती.

भारतात मृत्यूचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होण्याचे प्रमाण कमी असल्याने आणखी एका पद्धतीचा आधार घ्यावा लागतो. नमुना नोंदणी पद्धतीतील कुटुंबांकडून मृत्यूपूर्वीच्या लक्षणांची माहिती घेऊन डॉक्टर मृत्यूचे संभाव्य कारण निश्चित करतात. या पद्धतीने केलेल्या आणि 'दशलक्ष मृत्यू अभ्यास' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीनुसार, २००५ मध्ये १ ते ५९ महिने वयाच्या सुमारे ३ लाख ७० हजार बालकांचा मृत्यू न्यूमोनियाने झाला. याच पाहणीतील दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा होता. मध्य भारतातील मुलींमध्ये न्यूमोनियाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे २०.९ होते, तर दक्षिण भारतातील मुलग्यांमध्ये ते ४.१ होते. देश एक, वर्ष एक, आजारही एक. तरीही जोखमीत पाचपट अंतर. जीवाणू प्रदेश किंवा लिंग पाहून जिवावर उठत नाही. पोषण, उपचारांची उपलब्धता आणि घरातील मुलीच्या आजाराकडे पाहण्याची दृष्टी यांचा हा एकत्रित परिणाम आहे. या पाचपट अंतराचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

गणिती प्रतिमाने : मुंबईच्या प्लेगपासून

साथीच्या रोगांचे गणित मांडण्याच्या इतिहासाशी भारताचा निकटचा संबंध आहे. १९२७ मध्ये केरमॅक आणि मॅककेंड्रिक या दोन संशोधकांनी साथीच्या प्रसाराचा गणिती सिद्धांत मांडला. मॅककेंड्रिक यांनी भारतीय वैद्यकीय सेवेत काम केले होते. या सिद्धांताची पडताळणी करण्यासाठी त्यांनी मुंबईतील डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंचे आकडे वापरले.

त्यांच्या प्रतिमानाची मूळ कल्पना सोपी आहे. लोकसंख्येचे तीन गट करावयाचे : ज्यांना रोग होऊ शकतो असे, ज्यांना झाला आहे व जे तो पसरवू शकतात असे, आणि जे बरे झाल्याने अथवा मृत्यू पावल्याने प्रसाराच्या साखळीतून बाहेर पडले असे. पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात किती वेगाने माणसे जातात, हे समीकरणांनी सांगावयाचे. लस दिली म्हणजे पहिल्या गटातील व्यक्ती आजारी न पडताच बाहेर पडते.

या इतिहासातून एक सावधगिरीचा धडाही मिळतो. प्लेग प्रामुख्याने उंदीर आणि पिसवा यांच्यामार्फत पसरत होता. त्या साध्या प्रतिमानात त्यांना स्वतंत्र स्थान नव्हते. तरीही काढलेली वक्ररेषा मुंबईच्या आकड्यांशी चांगली जुळली. म्हणजे आकड्यांशी जुळणारी रेषा हा कारणमीमांसेचा पुरावा ठरत नाही. प्रतिमान हे भाकीत नव्हे; ते 'अमुक गृहीत धरले तर तमुक घडेल' असे सशर्त विधान असते. शर्ती वगळून केवळ निष्कर्ष सांगितला तर त्या विधानाचा अर्थच बदलतो.

लसीचा परिणाम मोजताना दोन स्थितींची तुलना केली जाते : लस दिल्यानंतरची स्थिती आणि लस नसती तर उद्भवली असती अशी कल्पित स्थिती. या दोहोंतील फरक म्हणजे टळलेले मृत्यू. पहिली स्थिती काही प्रमाणात पाहता येते. दुसरी केवळ गृहीतकांच्या साहाय्याने उभी करावी लागते.

सामूहिक प्रतिकारशक्ती आणि बाह्य परिणाम

लस घेणाऱ्या व्यक्तीबरोबर तिच्या सभोवतालच्या, लस न घेतलेल्या व्यक्तींनाही संरक्षण मिळते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा अनुकूल बाह्य परिणाम होय. आपल्या मुलास लस देताना पालक शेजारच्या बालकाला होणाऱ्या लाभाचा हिशेब करत नाहीत. परिणामी, लस बाजारभावाने विकत घेण्यावर सोडली तर समाजाच्या दृष्टीने इष्ट असलेल्या प्रमाणापेक्षा कमी लसीकरण होते. शासनाने लस विनामूल्य देण्यामागील आर्थिक युक्तिवाद येथे आहे.

किती लसीकरण पुरेसे, याचे उत्तर रोगाच्या मूलभूत प्रसारांकावरून मिळते. कोणालाही प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एका रुग्णापासून सरासरी जितक्या व्यक्तींना संसर्ग होतो, तो हा अंक. श्वासावाटे पसरणाऱ्या गोवरासाठी तो सर्वसाधारणपणे १२ ते १८ मानला जातो. तो १५ धरल्यास, साखळी तोडण्यासाठी १ वजा १/१५, म्हणजे सुमारे ९३ टक्के लोक प्रतिकारक्षम असावे लागतात. नवव्या महिन्यात दिलेली गोवराची पहिली मात्रा सुमारे ८५ टक्के बालकांनाच संरक्षण देते. याचा अर्थ, शंभर टक्के बालकांना एक मात्रा दिली तरी ९३ टक्क्यांचा उंबरठा ओलांडता येत नाही. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१० पासून दुसऱ्या मात्रेचा समावेश का झाला, याचे उत्तर या साध्या वजाबाकीत आहे.

न्यूमोकोकसच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. या जीवाणूचे शंभराहून अधिक उपप्रकार ज्ञात आहेत आणि प्रत्येक लस त्यांपैकी निवडक उपप्रकारांपासूनच संरक्षण देते. अमेरिकेत २००० मध्ये सात उपप्रकारांविरुद्धची लस बालकांना देण्यास सुरुवात झाली. लस केवळ बालकांना दिली जात असूनही प्रौढ व वृद्धांमधील न्यूमोकोकल आजारही घटला, कारण बालकांच्या घशात वाढून घरातील मोठ्यांकडे जाणारा जीवाणूच कमी झाला. मात्र काही वर्षांत लसीत समाविष्ट नसलेला १९-ए हा उपप्रकार रिकाम्या जागी वाढू लागला. २०१० मध्ये तेथे तेरा उपप्रकारांविरुद्धची लस आणावी लागली. यांपैकी पहिला परिणाम दुर्लक्षिला तर प्रतिमान लाभ कमी दाखवील. दुसरा दुर्लक्षिला तर लाभ फुगवून दाखवील.

खर्च किती, लाभ किती

सार्वजनिक आरोग्यावरील निधी मर्यादित असतो. एका लसीवर खर्च केलेला रुपया अन्य कशावर तरी खर्च करता आला असता. हा त्या लसीचा संधी खर्च होय. भिन्न स्वरूपाच्या आरोग्य कार्यक्रमांची तुलना करण्यासाठी एका समान मापाची गरज भासते. जागतिक बँकेच्या १९९३ च्या जागतिक विकास अहवालाने असे एक माप प्रचारात आणले. अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि आजारपणात अथवा अपंगत्वात काढलेली वर्षे यांची भारित बेरीज करून ते काढतात. त्याला 'डॅली' असे संक्षिप्त नाव आहे. एक डॅली टाळण्यासाठी किती खर्च येतो, यावरून कार्यक्रमाची परिणामकारकता ठरविली जाते.

भारतातील न्यूमोकोकल लसीसंबंधी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रतिमानाचे उदाहरण घेता येईल. त्यात देशातील कुटुंबांची संगणकावर प्रतिकृती तयार करण्यात आली होती. त्रिगुणी लसीइतकेच, म्हणजे सुमारे ७७ टक्के बालकांपर्यंत तेरा उपप्रकारांविरुद्धची लस पोहोचेल असे गृहीत धरले, तर वर्षाला सुमारे २४ कोटी डॉलर खर्च येईल, सुमारे ३४,८०० मृत्यू टळतील आणि कुटुंबांचा खिशातून होणारा सुमारे ४.८७ कोटी डॉलर खर्च वाचेल, असा त्याचा निष्कर्ष होता.

या तीन आकड्यांवरून पुढील ढोबळ गणित विद्यार्थ्यांना स्वतः करता येईल. २४ कोटींस ३४,८०० ने भागल्यास एक मृत्यू टाळण्याचा खर्च सुमारे ६,९०० डॉलर येतो. एका बालकाचा मृत्यू टळल्याने ७० वर्षांचे आयुष्य मिळते असे धरल्यास, आयुष्याच्या एका वर्षामागे सुमारे १०० डॉलर पडतात. परंतु अर्थशास्त्रात भविष्यातील लाभ आजच्या लाभाइतका मोलाचा मानत नाहीत; त्यावर वटाव आकारतात. ३ टक्के वटाव दराने ७० वर्षांचे आजचे मूल्य सुमारे २९ वर्षे होते आणि दर वर्षामागील खर्च सुमारे २४० डॉलरवर जातो. केवळ वटाव दर लावल्याने उत्तर दुपटीहून अधिक बदलले. आता दृष्टिकोन बदलून पाहू. केवळ शासनाच्या तिजोरीऐवजी संपूर्ण समाजाचा खर्च मोजला, तर कुटुंबांची बचत वजा करून निव्वळ खर्च सुमारे १९ कोटी डॉलर उरतो आणि एक मृत्यू टाळण्याचा खर्च सुमारे ५,५०० डॉलरवर येतो. लस तीच, बालके तीच. प्रश्न वेगळा विचारल्याने उत्तर बदलले.

आयुष्याच्या एका वर्षामागील यांपैकी कोणतेही उत्तर घेतले तरी ते त्या सुमाराच्या भारताच्या दरडोई स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे साधारण दोन हजार डॉलरच्या, बरेच खाली राहते. दरडोई उत्पादनाहून कमी खर्चात एक डॅली टळत असेल तर कार्यक्रम अत्यंत किफायतशीर समजावा, असा संकेत अनेक वर्षे रूढ होता. मात्र या संकेताचा एकमेव निकष म्हणून वापर करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीच २०१६ मध्ये स्पष्ट केले. एखादी गोष्ट किफायतशीर असणे आणि ती परवडणारी असणे, या दोन भिन्न बाबी आहेत.

कुटुंबांच्या बचतीचा मुद्दा भारतासारख्या देशात विशेष महत्त्वाचा ठरतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह असली तरी, मुलाला रुग्णालयात दाखल करण्यासाठी कर्ज काढणाऱ्या किंवा जनावर विकणाऱ्या कुटुंबाची अडचण सरासरीत दिसत नाही. अशा कुटुंबाच्या दृष्टीने लस ही आजाराबरोबरच दारिद्र्यापासूनचाही विमा असते. हा विमालाभ कोणत्या उत्पन्न गटाला किती मिळतो हे पाहणाऱ्या पद्धतीस विस्तारित खर्च-परिणामकारकता विश्लेषण म्हणतात. टळलेल्या आजारपणाबरोबर प्रतिजैविकांचा वापरही टळतो आणि औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंची वाढ मंदावते, हा आणखी एक लाभ नेहमीच्या हिशेबात सहसा धरला जात नाही.

किंमत आणि मागणी : अर्थशास्त्राचे दोन प्रयोग

वरील गणितात लसीची किंमत हा निर्णायक घटक आहे. भारतात दरवर्षी सुमारे अडीच कोटी बालके जन्माला येतात आणि या लसीच्या तीन मात्रा द्याव्या लागतात : सहा आठवड्यांनी, चौदा आठवड्यांनी आणि नवव्या महिन्यात. दर मात्रेमागे एका डॉलरचा फरक म्हणजे वर्षाला सुमारे साडेसात कोटी डॉलरचा फरक होय.

गरीब देशांची खरेदीशक्ती अनिश्चित असल्याने उत्पादक त्यांच्यासाठी कारखाने उभारण्यास तयार नसत. या अडचणीवर उपाय म्हणून आगाऊ बाजारपेठ हमीची कल्पना पुढे आली. मायकेल क्रेमर हे तिच्या प्रमुख पुरस्कर्त्यांपैकी एक अर्थतज्ज्ञ. पाच देश आणि गेट्स प्रतिष्ठान यांनी मिळून २००७ मध्ये १५० कोटी डॉलरची हमी दिली आणि २००९ पासून योजना अमलात आली. सुरुवातीच्या मर्यादित पुरवठ्यासाठी दर मात्रेला ७ डॉलर आणि त्यानंतर दीर्घकाळ ३.५० डॉलरहून अधिक नाही, अशी ती रचना होती. पुढे पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने दहा उपप्रकारांविरुद्धची 'न्यूमोसिल' ही लस विकसित केली. तीत आफ्रिका व आशियात महत्त्वाच्या ठरणाऱ्या उपप्रकारांचा विचार केलेला आहे आणि १९-ए याचाही समावेश आहे. डिसेंबर २०१९ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली आणि २०२० मध्ये या योजनेखाली दर मात्रेला २ डॉलर इतक्या किमतीत पुरवठ्याचा करार झाला. किंमत घटल्याने पूर्वी मर्यादित ठेवावा लागलेला कार्यक्रम देशव्यापी करणे सुकर झाले. १३ मे २०१७ रोजी हिमाचल प्रदेशातील मंडी येथून सुरू झालेली आणि बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व राजस्थान येथे टप्प्याटप्प्याने पोहोचलेली ही लस २०२१ मध्ये देशभर विस्तारली.

स्वस्त लस उपलब्ध झाली म्हणजे ती घेतली जाईलच असे नाही. २०१९ मध्ये क्रेमर यांच्यासमवेत नोबेल पुरस्कार मिळविणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात सहकाऱ्यांसह एक प्रयोग केला होता. बालकांच्या मूलभूत लसींचा संच, ज्यात घटसर्प, डांग्या खोकला आणि गोवर यांवरील लसींचा समावेश होता, पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या गावांत केवळ ६ टक्के होते. जेथे ठरलेल्या दिवशी नियमितपणे शिबिरे भरविली गेली, तेथे ते १८ टक्के झाले. जेथे शिबिरासोबत दर लसीमागे एक किलो डाळ आणि संच पूर्ण झाल्यावर ताटांचा संच देण्यात आला, तेथे ते ३९ टक्क्यांवर गेले. डाळीचा खर्च वाढूनही पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक बालकामागील खर्च सुमारे ५६ डॉलरवरून २८ डॉलरवर उतरला. परिचारिकेचा पगार आणि शिबिराचा खर्च स्थिर असतो. बालके अधिक आली की तो अधिकांत विभागला जातो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने, दुर्गम भागातील कमी लसीकरणाचे कारण केवळ अंधश्रद्धा अथवा विरोध हे असते, या समजास छेद दिला.

सरासरीआडची विषमता

येथे पाचपट अंतराचा मुद्दा पुन्हा उपस्थित होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, १२ ते २३ महिने वयाच्या पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण चौथ्या पाहणीत ६२ टक्के होते. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत ते ७६.४ टक्के झाले. ही प्रगती मोठी आहे. तथापि, उरलेली बालके देशभर समप्रमाणात विखुरलेली नसतात. ती स्थलांतरित मजुरांच्या वस्त्यांत, वीटभट्ट्यांवर, नदीकाठच्या पुरग्रस्त गावांत, जंगलपट्ट्यांत आणि शहरांतील अनधिकृत झोपडपट्ट्यांत एकवटलेली असतात. कुपोषण, चुलीचा धूर आणि रुग्णालयापासूनचे अंतरही नेमके तेथेच अधिक असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन जिल्ह्यांत प्रत्येकी दहा हजार बालके जन्मतात. पहिल्या जिल्ह्यात न्यूमोकोकल आजाराने मृत्यूची जोखीम हजारी एक, तर दुसऱ्यात हजारी पाच आहे. लस ही जोखीम निम्मी करते असे धरू. दोन्ही ठिकाणी लसीकरण दहा टक्क्यांनी, म्हणजे एक हजार बालकांनी, वाढविले तर पहिल्या जिल्ह्यात दोन वर्षांत एक मृत्यू टळेल आणि दुसऱ्यात त्याच काळात पाच. दुसऱ्या जिल्ह्यात एका बालकापर्यंत पोहोचण्याचा खर्च दुप्पट किंवा तिप्पट झाला, तरीही दर रुपयामागील लाभ तेथेच अधिक राहील. राष्ट्रीय सरासरीत मात्र दोन्ही जिल्ह्यांतील वाढ एकसारखीच दिसेल. म्हणून लसीकरणाचा दर उंचावणे हे एकमेव उद्दिष्ट ठेवल्यास यंत्रणा साहजिकच सोप्या बालकांकडे वळते आणि लाभाचा मोठा हिस्सा हातचा निसटतो. दुर्गम भागात अधिक खर्च करणे हा न्यायाचा आग्रह आहेच. कार्यक्षमतेचाही आग्रह तोच आहे.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष मोहिमेने नेमक्या अशा वंचित बालकांचा शोध घेण्याचे उद्दिष्ट ठेवले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार, एकही मात्रा न मिळालेल्या भारतीय बालकांची संख्या २०२३ मध्ये सुमारे १६ लाख होती. ती २०२४ मध्ये सुमारे ९ लाखांवर आली. ही घट ज्या जिल्ह्यांत झाली, तेथे तिचे मूल्य टक्केवारीत दिसते त्याहून कितीतरी अधिक असणार.

प्रतिमानांच्या मर्यादा

आता सुरुवातीच्या आकड्याकडे वळता येईल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, २०१५ मध्ये भारतात १ ते ५९ महिने वयाच्या सुमारे ६८,७०० बालकांचा मृत्यू न्यूमोकोकल आजाराने झाल्याचा अंदाज वर्तविला. अनिश्चिततेची मर्यादा ४४,६०० ते ८६,१०० इतकी व्यापक होती. २०१८ च्या प्रतिमानाने टळणारे मृत्यू ३४,८०० सांगितले आणि अर्थसंकल्पीय भाषणाने ५० हजारांहून अधिक. हे आकडे परस्परविरोधी आहेत असे घाईने म्हणणे योग्य ठरणार नाही. आधारभूत वर्ष, लस पोहोचलेल्या बालकांचे प्रमाण, लसीतील उपप्रकार आणि अप्रत्यक्ष संरक्षणाविषयीचे गृहीतक यांपैकी एक जरी बदलले तरी उत्तर बदलते. कोविड-१९ च्या लसींबाबतही हेच दिसले. इम्पीरियल कॉलेज, लंडन येथील संशोधकांनी २०२२ मध्ये १८५ देशांसाठी लसीकरणाच्या पहिल्या वर्षाचा हिशेब मांडला. अधिकृतपणे नोंदविलेले मृत्यू आधारास घेतल्यावर टळलेले मृत्यू १ कोटी ४४ लाख आले; नेहमीपेक्षा अधिक झालेले एकूण मृत्यू आधारास घेतल्यावर ते १ कोटी ९८ लाख झाले. यातील ५४ लाखांचा फरक लसीमुळे पडलेला नाही. तो मृत्यूनोंदणीतील उणिवांमुळे पडला आहे.

दुसरी मर्यादा श्रेयाची आहे. बालकांतील न्यूमोनियाचे मृत्यू लसीकरणाखेरीज सुधारलेले पोषण, स्वच्छ इंधन आणि वेळेवर मिळणारे उपचार यांमुळेही घटतात. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत न्यूमोनियाचे निदान व उपचार करून बालमृत्यू लक्षणीय घटविता येतात, हे १९९० मध्येच दाखवून दिले होते. केंद्र शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या 'सांस' मोहिमेतही संरक्षण, प्रतिबंध आणि उपचार यांचा एकत्रित विचार आहे. घटीचे सर्व श्रेय लसीला देणारे प्रतिमान अन्य कार्यक्रमांवर अन्याय करते आणि निधीवाटपात चुकीचा संकेत देते.

या पार्श्वभूमीवर, कोणत्याही प्रतिमानाचा निष्कर्ष समोर आला असता विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत. तुलना कोणत्या कल्पित स्थितीशी केली आहे? खर्च व लाभ कोणाच्या दृष्टीने मोजले आहेत? अनिश्चिततेची मर्यादा किती आहे आणि कोणते गृहीतक बदलल्यास निष्कर्ष उलटतो? आणि शेवटी, लाभ कोणाच्या वाट्याला येतो? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे संशोधनपर लेखांत बहुधा सापडतात. चौथ्याचे उत्तर अनेकदा शोधावे लागते.

समारोप

भारतात आरोग्य संशोधन विभागाच्या अंतर्गत आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची व्यवस्था उभी राहिली आहे. नव्या लसी, औषधे आणि उपकरणे यांच्याबाबतचे निर्णय पुराव्याच्या आधारे घेण्याची परंपरा त्यातून रुजू शकेल. मात्र ज्या पुराव्यावर प्रतिमाने उभी राहतात तो गावपातळीवर तयार होतो. आशा कार्यकर्तीने भरलेली नोंद, परिचारिकेने लिहिलेली तारीख आणि ग्रामपंचायतीत नोंदविलेला बालमृत्यू ही त्या समीकरणांची कच्ची सामग्री आहे. जेथे मृत्यूची नोंदच होत नाही, तेथे टळलेल्या मृत्यूचाही हिशेब लागत नाही. आणि नोंद सर्वांत कमी तेथेच होते, जेथे जोखीम सर्वांत अधिक असते.

येथे उपस्थित असलेल्यांपैकी काहीजण उद्या जिल्हा प्रशासनात काम करतील. त्यांच्यासमोर लसीकरणाचा मासिक तक्ता येईल आणि त्यात जिल्ह्याची सरासरी ठळक अक्षरांत असेल. त्या सरासरीखालील तालुकावार व वस्तीवार आकडे मागवून पाहणे, ज्या वस्तीचा रकाना रिकामा आहे तेथे पुढील शिबिर नेणे आणि त्यासाठी लागणारा जादा खर्च निःसंकोचपणे मंजूर करणे, हा या संपूर्ण अर्थशास्त्राचा व्यवहारातील अर्थ आहे.